पातेले जुने झालेले नाही, कल्हई गेली आहे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, नियमित डागडुजी थांबवली, आणि त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला एक वाद अजूनही घराघरांत चालू आहे. घरच्या संगणकावर विंडोज ११ घालावी, की आहे तेच चालू द्यावे? एक पक्ष म्हणतो, व्यवस्थित चालणाऱ्या यंत्राला हात लावू नये, हा सगळा नवा माल खपवण्याचा डाव आहे. दुसरा पक्ष म्हणतो, दहा वर्षे जुनी सिस्टीम वापरणे हा मागासलेपणा आहे, यंत्राला नवी सिस्टीम झेपत नसेल तर यंत्रच बदलावे. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात, दोघांच्याही बोलण्यात थोडेथोडे तथ्य आहे, आणि तरीही ज्याला उद्या सकाळी त्याच संगणकावरून विजेचे बिल भरायचे आहे त्याच्या हाती या वादातून काहीच पडत नाही.

याचे कारण असे की वाद नव्या-जुन्याचा करून टाकला गेला आहे. आपल्याकडे पितळेची पातेली तीन-तीन पिढ्या चालत. पातेले जुने झाले म्हणून कोणी ते मोडीत काढत नसे. पण कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते, आणि कळकलेले खाऊन माणूस आजारी पडतो, हे घरात सर्वांना ठाऊक असे. पातेल्याचे वय कोणी विचारत नसे. कल्हई शेवटची केव्हा लावली आणि कल्हईवाला पुन्हा केव्हा येणार, हे विचारले जाई. ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल माझे म्हणणे नेमके एवढेच आहे. तिच्यात सापडणारी भोके आज कोणी बुजवत आहे का, यावरच निर्णय व्हावा. बुजवणारा असेल तर सिस्टीम कितीही जुनाट वाटली तरी खुशाल वापरावी. बुजवणारा नसेल तर ती कितीही सुरळीत चालत असली तरी तिच्यावरून इंटरनेटवर जाऊ नये. आणि सिस्टीम बदलणे म्हणजे यंत्र फेकणे, हे जे समीकरण आपल्या गळी उतरवले जात आहे, ते ठामपणे नाकारावे.

प्रथम, त्या दिवशी नेमके काय थांबले ते पाहू, कारण त्याविषयीच सर्वांत जास्त गैरसमज पसरवले गेले. आमच्या सोसायटीतील एका निवृत्त शिक्षकांना दुकानदाराने सांगितले होते की १४ ऑक्टोबरनंतर तुमचा संगणक सुरूच होणार नाही. त्यांनी धास्तावून पेन्शनच्या पैशांतून नवा लॅपटॉप घेतला, आणि १५ तारखेला जुना संगणक नेहमीसारखा सुरू झाला. त्यांना जे सांगितले गेले ते साफ खोटे होते. संगणक थांबला नाही, विंडोज १० थांबली नाही, तिच्यातले एकही बटण नाहीसे झाले नाही. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या सिस्टीममध्ये सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटींवर दुरुस्त्या प्रसिद्ध करते. त्या दुरुस्त्या विंडोज १० च्या सर्वसामान्य वापरकर्त्याला आपोआप मिळणे तेवढे थांबले. भीती घालून माल विकणाऱ्यांनी या साध्या गोष्टीचा बागुलबुवा केला, आणि बागुलबुवा खोटा निघाल्यावर लोकांनी खरी गोष्टही खोटी ठरवली. अपग्रेडच्या बाजूने बोलणाऱ्यांनी केलेले हे सर्वांत मोठे नुकसान आहे.

आता खरी गोष्ट. डागडुजी थांबलेली सिस्टीम त्या दिवशी होती तशीच गोठून राहते आणि म्हणून काल जेवढी सुरक्षित होती तेवढीच उद्याही राहील, असे अनेक समंजस माणसेही मानतात. हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे समजून घेणे या सगळ्या प्रश्नाचे मर्म आहे. विंडोज ११ ही शून्यातून लिहिलेली सिस्टीम नाही. तिचा फार मोठा भाग विंडोज १० मधूनच आलेला आहे. त्यामुळे नव्या सिस्टीममध्ये जे भोक सापडते, ते पुष्कळदा जुन्या सिस्टीममध्येही असते. नव्या सिस्टीमची दुरुस्ती जाहीर झाली की दुरुस्तीपूर्वीची आणि दुरुस्तीनंतरची फाइल शेजारीशेजारी ठेवून भोक नेमके कोठे होते हे शोधून काढणे, हे त्या विद्येतल्या लोकांचे नेहमीचे काम आहे. म्हणजे नव्या घराला लागलेले प्रत्येक नवे कुलूप जुन्या घराची कोणती खिडकी उघडी आहे हे चोराला सांगत असते. जुन्या सिस्टीममध्ये काहीही बदललेले नसते, आणि तरीही महिन्यागणिक ती अधिक असुरक्षित होत जाते, कारण तिच्याबद्दल बाहेरच्या जगाला असलेले ज्ञान वाढत जाते.

हे कल्पनेचे खेळ नाहीत. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील फाइल-देवाणघेवाणीच्या एका जुन्या यंत्रणेतील त्रुटीवर दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे २०१७ रोजी, ती त्रुटी वापरणारा 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या, आणि ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. या घटनेचा दाखला देताना अपग्रेडवादी नेहमी एक चूक करतात: जुनाट विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांना त्याची शिक्षा मिळाली, असे सांगतात. प्रत्यक्षात बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ वर चालत होते, आणि विंडोज ७ ची डागडुजी त्या वेळी चालूच होती. दुरुस्ती उपलब्ध होती, पण लावलेली नव्हती. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. सिस्टीम जुनी असल्यामुळे ते संगणक बळी पडले नाहीत, डागडुजी न झाल्यामुळे पडले. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, त्याच त्रुटीचा उपयोग करणारा 'नॉटपेट्या' आला आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कोपनहेगनमध्ये मुख्यालय असलेल्या समूहाच्या संगणकांतला बिघाड न्हावा-शेव्यातल्या कंटेनरांपर्यंत पोचला.

यावर घरगुती वापरकर्ता विचारतो: बंदर आणि रुग्णालय ठीक, पण माझ्यासारख्याच्या मागे कोण लागणार? हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तरही सरळ द्यायला हवे. तुमच्या मागे कोणी लागत नाही. असे व्हायरस माणसे निवडत नाहीत. ते उघडे दार शोधत फिरतात आणि दाराआड कोण राहते याची त्यांना पर्वा नसते. आणि घरच्या संगणकात काहीच नसते, हे म्हणणे तरी आज खरे आहे काय? आधार आणि पॅन कार्डाच्या स्कॅन केलेल्या प्रती, घराच्या करारनाम्याची पीडीएफ, प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेचे पासवर्ड लक्षात ठेवलेला ब्राउझर, आजी-आजोबांची छायाचित्रे हे सगळे त्याच हार्ड डिस्कवर असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थामुळे झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवला, तर ग्राहकावर त्याची जबाबदारी येत नाही. पैशांसाठी निदान असे काही संरक्षण आहे. गेलेल्या छायाचित्रांसाठी कोणते परिपत्रक आहे?

विरोधकांचे दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे आणि ते मी निःशंकपणे मान्य करतो: अपडेटने नुकसान होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्याच एका मोठ्या अपडेटने काही वापरकर्त्यांच्या कागदपत्रांच्या फोल्डरमधील फाइली पुसून टाकल्या आणि मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच ते अपडेट मागे घ्यावे लागले. वर उल्लेखलेला नॉटपेट्या मुळात पसरला तोच युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून; ज्यांनी शहाणपणाने अपडेट घेतले त्यांनाच तो आधी लागला. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून बंद पडली आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. एवढे डोळ्यांसमोर असताना 'अपडेट आले की लगेच घ्या' असे ओरडून सांगणाऱ्यांवर कोणी का विश्वास ठेवावा?

पण या उदाहरणांतून कोणता धडा निघतो ते नीट पाहिले पाहिजे. येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. सिस्टीमची अख्खी आवृत्ती बदलणे ही मोठी शस्त्रक्रिया आहे. ती पहिल्या दिवशी करून घेण्याची काहीच निकड नसते, दोन-तीन महिने थांबून इतरांचे अनुभव पाहणे हा शहाणपणाच आहे. दर महिन्याची सुरक्षा-दुरुस्ती मात्र जखमेवरच्या पट्टीसारखी आहे. ती फार तर आठवडाभर लांबवावी, नाकारू नये. आणि दोन्हींच्या आधी आपल्या फाइलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा निदान पेनड्राइव्हवर असली पाहिजे. २०१८ च्या अपडेटने ज्यांच्या फाइली गेल्या, त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे अशी प्रत होती त्यांचे एका संध्याकाळपुरते हाल झाले; ज्यांच्याकडे नव्हती त्यांची वर्षे गेली. तीच प्रत वॉनाक्रायच्या बळींनाही वाचवत होती. म्हणजे अपडेटची भीती आणि व्हायरसची भीती या दोन्हींवर पहिला उपाय एकच आहे, आणि नेमका त्याच उपायाबद्दल दोन्ही पक्ष बोलत नाहीत.

येथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे काही घरांवर खरोखर आपत्ती आली आहे. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या नव्याने घातल्या आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला, तर पुष्कळ यंत्रांवर हार्ड डिस्क आपोआप सांकेतिक कुलपात जाते. चोरीला गेलेल्या लॅपटॉपसाठी ही सोय उत्तम आहे. पण पुढे कधी मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य फलक) बदलावा लागला, तर संगणक ४८ आकडी किल्ली मागतो, आणि ती किल्ली आहे हेच माणसाला ठाऊक नसते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. तेथून उतरवून घेऊन कागदावर लिहावी आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावी. दुकानदाराने 'फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकून देतो' म्हटले, की त्याच्याकडून ही किल्ली मागून घेण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी.

तिसरा आक्षेप हेतूचा आहे, आणि तोही खोटा नाही. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्याने जाहीर परिषदेत विंडोज १० ही विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचे सांगितले होते, आणि कंपनीने तो समज पुसण्याची घाई केली नव्हती. २०१६ मध्ये विंडोज १० ची जाहिरात करणाऱ्या खिडकीच्या कोपऱ्यातील फुली दाबली, तरी ठरलेले अपग्रेड रद्द होत नसे. बंद करण्याच्या बटणाला संमती मानण्याचा तो प्रकार निषेधार्हच होता. आज विंडोज ११ ची होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना कंपनीच्या खात्याचा आग्रह धरते, स्टार्ट मेन्यूत शिफारशींच्या नावाखाली जाहिराती दाखवते, आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'रिकॉल' या पडद्याची सतत छायाचित्रे घेणाऱ्या सोयीवर तर इतकी टीका झाली की ती कंपनीला पुढे ढकलून पुन्हा घडवावी लागली. अशा कंपनीवर लोकांचा विश्वास नसेल तर तो दोष लोकांचा नाही.

तरीही अविश्वासाने केलेला निर्णय योग्यच ठरतो असे नाही. १८९७ चे पुणे आठवावे. प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडच्या कमिटीने गोऱ्या शिपायांना घराघरांत घुसवले, देवघरे आणि माजघरे तुडवली, आणि त्या अपमानाने शहर पेटले. तो संताप शंभर टक्के न्याय्य होता. पण त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईत भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली होती. सरकारबद्दलच्या अविश्वासाची झळ त्या लशीलाही लागली. सुईबद्दल नाना अफवा उठल्या आणि जी माणसे वाचू शकत होती त्यांच्यापैकी कित्येकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. प्लेगची आणि संगणकाची बरोबरी होऊ शकत नाही, हे सांगायला नको. जीव आणि फाइली यांत अंतर आहे. विचारातली चूक मात्र तीच आहे: उपाय लादणाऱ्याच्या उद्दामपणाचा राग उपायावर काढणे. मायक्रोसॉफ्टचा धाकदपटशा नाकारावा, जाहिराती बंद कराव्यात, नको त्या सोयी काढून टाकाव्यात, आणि एवढे करूनही ती कंपनी नकोशी वाटत असेल तर तिची सिस्टीमच सोडावी. पण तिच्यावर राग म्हणून तिचीच डागडुजी थांबलेली सिस्टीम वापरत राहणे, यात तिला कोणती शिक्षा होते?

काही जण येथे अँटिव्हायरसचा आधार घेतात. विंडोज १० मधील डिफेंडर या अंगभूत अँटिव्हायरसला नव्या व्हायरसांची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, असे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केले आहे, आणि ब्राउझरही जुन्या सिस्टीमला लगेच वाऱ्यावर सोडत नाहीत. विंडोज ७ ची डागडुजी जानेवारी २०२० मध्ये थांबली, पण क्रोमने तिची साथ २०२३ च्या सुरुवातीपर्यंत दिली. हे मुद्दे खरे आहेत आणि त्यांच्यामुळे पहिल्या दिवसाची भीती कमी होते. पण अँटिव्हायरस हा राखणदार आहे, गवंडी नव्हे. तो ओळखीच्या चोराला दारात अडवील. भिंतीला पडलेले खिंडार बुजवणे त्याच्या हातात नाही.

आता सर्वांत कठीण मुद्द्याकडे येतो, कारण येथे विरोधकांची बाजू माझ्या मते जवळजवळ पूर्ण बरोबर आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि सिक्युअर बूट ही संगणक सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी अशा अटी घातल्या. इंटेलची आठवी पिढी २०१७ मध्ये बाजारात आली. म्हणजे २०१६ मध्ये चांगले पैसे मोजून घेतलेला सातव्या पिढीचा कोअर आय सेव्हन असलेला संगणक, जो आजही छायाचित्रे, हिशेब, चित्रपट सगळे विनातक्रार पेलतो, तो नापास. आणि नंतर घेतलेला त्याच्यापेक्षा कितीतरी मंद, स्वस्त लॅपटॉप पास. ही रेषा केवळ क्षमतेवर आखलेली नाही याचा पुरावा कंपनीनेच दिला: स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या संगणकात असलेल्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरला तिने अपवाद म्हणून आत घेतले. टीपीएमची आणि सिक्युअर बूटची अट सुरक्षेच्या दृष्टीने समर्थनीय आहे, कारण त्यांच्यामुळे संगणक सुरू होतानाच होणारे हल्ले रोखता येतात. पण लक्षावधी धडधाकट यंत्रे त्यासाठी अपात्र ठरवणे समर्थनीय नाही. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेचा २०२३ मधील अंदाज असा होता की या बदलामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नोंदणीकृत रीतीने गोळा होऊन पुनर्वापरात गेला, हे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात नमूद आहे. त्यात आणखी भर घालण्याचा अधिकार कोणाला आहे?

मात्र हे मान्य केल्यावर 'म्हणून काहीच करू नका' हा निष्कर्ष निघत नाही. पहिली गोष्ट, 'तुमचा संगणक अपात्र आहे' हा संदेश शेवटचा शब्द मानू नये. कित्येक यंत्रांत टीपीएम असतेच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ते बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रांत ते पीटीटी या नावाखाली आणि एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम या नावाखाली सापडते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग निवडून जोडून घेतलेल्या संगणकांत हे फार आढळते. दुसरी गोष्ट, मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा-दुरुस्तीची योजना घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तीस डॉलर भरून, कंपनीच्या रिवॉर्ड्स या बक्षीस-योजनेचे हजार गुण देऊन, किंवा आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या खात्यात साठवू देऊन तीत सामील होता येते. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील नागरिकांना मात्र ग्राहक संघटनांच्या दबावानंतर सेटिंग्ज साठवण्याची ती अट न घालता हीच योजना फुकट देण्यात आली. जे तेथे शक्य होते ते आपल्यासाठी अशक्य का, हे विचारणारा आवाज आपल्याकडे पुरेसा उठला नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

तिसरी वाट लिनक्सची, म्हणजे फुकट मिळणाऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची, आणि तिच्याबद्दल बोलताना उत्साही मंडळींनी थोडा संयम पाळावा असे मला वाटते. ३१ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईत केबलचे जुने प्रक्षेपण बंद झाले, तेव्हा लोकांनी आपले जाडजूड टीव्ही फेकले नाहीत. सेट-टॉप बॉक्स लावला आणि तेच टीव्ही कित्येक वर्षे चालले. जुन्या संगणकासाठी लिनक्स हे असेच काम करू शकते. उबंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या २४.०४ या आवृत्तीला २०२९ पर्यंत डागडुजी मिळणार आहे, लिनक्स मिंट हा दुसरा प्रकार विंडोजची सवय असलेल्या माणसाला परका वाटत नाही, आणि केरळातील सरकारी शाळा गेली अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, तेव्हा 'हे फक्त इंजिनिअरांचे काम' हा समज टिकण्यासारखा नाही. ब्राउझर, ईमेल, पत्रव्यवहार, बँक, मुलांचा अभ्यास एवढाच वापर असलेल्या घराला ते पुरेसे आहे. पण डिजिटल सहीचे टोकन, विशिष्ट हिशेबाचे सॉफ्टवेअर किंवा जुना स्कॅनर ज्याच्या पोटापाण्याशी जोडलेला आहे, त्याला 'लिनक्स टाका' असे सहज सांगणे म्हणजे त्याची अडचण ऐकूनच न घेणे आहे.

मराठी घरांत या अडचणीला एक खास रूप आहे. घरी बसून पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका यांची अक्षरजुळणी करणारी कितीतरी माणसे आजही पेजमेकर आणि श्री-लिपी किंवा आयएसएमसारख्या जुन्या प्रणालींवर काम करतात. ते सॉफ्टवेअर एखाद्या डाँगलला, म्हणजे संगणकाला लावायच्या किल्लीवजा उपकरणाला, बांधलेले असते, नव्या सिस्टीमवर ते चालेलच याची खात्री नसते, आणि वीस वर्षांचा मजकूर त्या फॉन्टांच्या खासगी संकेतांत अडकलेला असतो. फॉन्ट नसेल तर तो रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो. अशा माणसाने 'मला नको तुमचे अपग्रेड' म्हटले तर त्याला अडाणी म्हणणारा स्वतःच अडाणी आहे. त्याने ते यंत्र जरूर ठेवावे, फक्त त्याची इंटरनेटची वायर काढून टाकावी, आणि ईमेल-बँकेसाठी दुसरे साधे यंत्र वापरावे. पण त्याचबरोबर आपला मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या समान अक्षर-संकेतांत, आणायला सुरुवात करावी. विंडोज २००० मध्ये मंगल हा युनिकोड देवनागरी फॉन्ट आला, एक्सपीमध्ये सीडी घालून एक चौकट निवडली की मराठी नीट दिसू लागे, आणि व्हिस्टापासून तेवढाही खटाटोप उरला नाही. आज आपण ईमेलमध्ये, शोधयंत्रात, फाइलींच्या नावांत निर्धास्त मराठी लिहितो, ते लोकांनी विंडोज ९८ सोडली म्हणून. त्या स्थित्यंतरात ज्यांनी आपला मजकूर बरोबर आणला नाही, त्यांचे लेखन आज शोधूनही सापडत नाही. सिस्टीम बदलताना यंत्रापेक्षा मजकुराची काळजी आधी वाहावी, हे मराठीने एकदा फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे.

पण वायर काढणे, टोकन सांभाळणे, बायोसमध्ये शिरणे या सगळ्या तजविजी घरातल्या माणसाने कराव्यात, अशी अपेक्षा किती काळ ठेवायची? औषधाच्या पट्टीवर मुदत छापलेली असते, दुधाच्या पिशवीवर असते. पन्नास हजारांच्या संगणकाच्या खोक्यावर मात्र याची सुरक्षा-दुरुस्ती कोणत्या वर्षापर्यंत मिळेल हे लिहिलेले नसते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅबलेटच्या उत्पादकांना, त्या मॉडेलची शेवटची विक्री झाल्यानंतर किमान पाच वर्षे सिस्टीमची अपडेट उपलब्ध ठेवणे बंधनकारक केले आहे, आणि डिजिटल वस्तूंच्या सुरक्षेसाठीचा त्यांचा व्यापक कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू होणार आहे. भारतात ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम उत्पादकाला कचऱ्याची जबाबदारी घ्यायला लावतात. वस्तू कचरा होण्याआधी ती चालती ठेवण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर टाकत नाहीत. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली होती. ज्या चर्चेत स्क्रू, बॅटरी आणि सुटे भाग आहेत, त्या चर्चेत ऑपरेटिंग सिस्टीमची मुदत आलीच पाहिजे. मुदत खोक्यावर ठळक छापा, विक्रीनंतर ती कमी करू नका, आणि मुदत संपल्यावर दुसरी सिस्टीम घालण्याची वाट कुलूपबंद करू नका, अशा या तीन साध्या मागण्या आहेत.

हा लेख ज्या संगणकावर लिहिला तो २०१६ चा, सातव्या पिढीचा आहे. त्याच्यावर विंडोज १० आहे आणि त्याला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव दुरुस्त्या मिळत आहेत. फाइलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर आहे, आणि गेल्या रविवारी लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून सुरू करून प्रिंटर, वायफाय आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक तिन्ही चालतात याची खात्री करून घेतली. स्कॅनर चालला नाही. त्याचे काय करायचे ते ऑक्टोबरपर्यंत ठरवायचे आहे.